वायमारच्या छापखान्यातले कागद

एप्रिल 1919 मध्ये जर्मनीतल्या वायमार शहरातून एक चार पानी पत्रक निघाले. पहिले महायुद्ध हरून पाच महिने झाले होते. कैसर परागंदा झाला होता, कोळसा मिळत नव्हता, आणि याच शहरात नव्या प्रजासत्ताकाची घटना लिहिली जात होती. त्याच सुमारास पस्तीस वर्षांचा वाल्टर ग्रोपियस हा वास्तुविशारद तिथे एक शाळा उघडत होता. शाळेचे नाव बाउहाउस. चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुविशारद यांनी पुन्हा कारागिरीकडे वळावे, कलावंत आणि कारागीर यांच्यामधली भिंत पाडावी, अशी हाक पत्रकात होती. ग्रोपियसचे शब्द आत होते. पहिल्या पानावर मात्र एक चित्र होते : लाकडावर कोरून छापलेले चर्च, त्याला तीन टोकदार मनोरे, प्रत्येकाच्या डोक्यावर एक तारा आणि त्या ताऱ्यांमधून आडवेतिडवे सुटलेले किरण. चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला यांचे ते तीन तारे.

आज बाउहाउस म्हटले की वाकवलेल्या पोलादी नळ्यांची खुर्ची, सपाट छपराची काचेची इमारत, गोल घुमटाचा टेबलावरचा दिवा डोळ्यांपुढे येतात. या वस्तू खऱ्याच आहेत आणि त्यांचे श्रेयही योग्यच आहे. पण त्या नंतर आल्या. शाळा उघडली तेव्हा सुतारशाळेला धड लाकूड नव्हते आणि वास्तुकलेचा वर्गही नव्हता. पहिल्या चार-पाच वर्षांत बाउहाउसने जगापुढे जे मांडले त्यातला मोठा वाटा कागदावर छापलेला होता. ही मुद्राचित्रे कुठल्या संग्रहालयात मांडली की प्रेक्षक त्यांना खुर्च्यांकडे जाताना लागणारी ओसरी समजतो, याची मला खंत वाटते. त्या शाळेचा स्वभाव ओळखायचा असेल तर तो या कागदांत जितका उघडा दिसतो तितका खुर्चीत दिसत नाही. शिवाय हे कागद खुर्च्यांच्या कितीतरी आधी हिंदुस्थानात येऊन गेले होते.

पत्रकावरचे चर्च कोरणारा माणूस लायोनेल फायनिंगर. जन्म न्यूयॉर्कचा, 1871 सालचा, घराणे जर्मन वंशाचे, वडील व्हायोलिनवादक. सोळाव्या वर्षी तो संगीत शिकायला जर्मनीत आला आणि चित्रांकडे वळला. कित्येक वर्षे व्यंगचित्रांवर पोट भरले. 1906 मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’साठी त्याने रविवारच्या पुरवणीतली चित्रमालिकाही काढली. वुडकटकडे तो वळला 1918 मध्ये, म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी. युद्धाच्या शेवटच्या वर्षात कॅनव्हास आणि रंग दुर्मीळ झाले होते. लाकडाची फळी आणि सुरी हाताशी होती. त्या एका वर्षात त्याने शंभराहून अधिक वुडकट केले.

वुडकट हे माध्यम कोणाला सवलत देत नाही. फळीवर जे पांढरे हवे ते कोरून काढायचे, जे काळे हवे ते राखायचे. मधली छटा नसते. पेन्सिलीसारखे पुसता येत नाही, तैलरंगासारखे वर दुसरा थर देता येत नाही. लाकडाची शीर हत्याराला आपल्या बाजूने ओढते. फायनिंगरने या अडवणुकीतूनच आपली भाषा काढली. त्याच्या जहाजांना, पुलांना, खेड्यातल्या चर्चना वळणे जवळपास नाहीत. सगळे त्रिकोण आणि तुटक सरळ रेषा. पातळ कागदावर हाताने घासून काढलेल्या त्याच्या प्रती जवळून पाहिल्या तर शाई सगळीकडे सारखी बसलेली नसते. काळ्या भागातून लाकडाचे रेषे वर आलेले दिसतात, आणि आकाश म्हणून सोडलेल्या पांढऱ्या जागेत पटाशीच्या चुकार खुणा उरलेल्या असतात. त्या त्याने काढून टाकल्या नाहीत. पाऊस म्हणून, वारा म्हणून त्या तिथेच राहू दिल्या.

ग्रोपियसने सुरुवातीला नेमलेल्या मोजक्या शिक्षकांत फायनिंगर होता आणि छपाईची कार्यशाळा त्याच्याकडे गेली. बाउहाउसमध्ये प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत : एक कलावंत, जो आकाराचा विचार शिकवी, आणि एक कसबी कारागीर, जो हात शिकवी. छपाईत हा दुसरा गुरू होता कार्ल त्साउबित्सर. कलेच्या इतिहासात त्याचे नाव तळटिपेत येते. पण पुढच्या पाच वर्षांत त्या शाळेतून जे जे उत्कृष्ट छापून निघाले ते त्याच्या हाताखालून गेले. क्ले आणि कांडिन्स्की या शिक्षक-चित्रकारांच्या सह्या असलेल्या कागदांवर त्याची सही नाही. शाईचे प्रमाण, दाबाचा अंदाज आणि ओल्या कागदाची पारख त्याची आहे.

वायमारमध्ये आधी एक जुनी कलाशाळा होती. तिची छपाईची यंत्रे ग्रोपियसला वारशात मिळाली, आणि त्यामुळे ही कार्यशाळा इतरांच्या आधी उभी राहिली. तिथे तीन प्रकारची कामे चालत : लाकडावरचे कोरीव ठसे, तांब्याच्या पत्र्यावर ओरखडून किंवा आम्लाने खाववून (एचिंग) केलेली चित्रे, आणि दगडावरची छपाई, म्हणजे लिथोग्राफी. यातला दगड मराठी वाचकाला परका नाही. आपल्याकडे ज्याला शिळाप्रेस म्हणत तेच हे तंत्र. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओला भाग शाई झिडकारतो, तेलकट रेघ ती धरते. या कामाचा सर्वांत नामांकित दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला तो याच तंत्राचा, आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेला तो छापखाना विकत घेणारा फ्रिट्स श्लायशर हाही जर्मन तंत्रज्ञच. घरोघरच्या भिंतींवर ज्या छपाईने लक्ष्मी आणि सरस्वती पोहोचवल्या तीच छपाई वायमारमध्ये अगदी वेगळ्या कामाला लागली होती.

1921 मध्ये ग्रोपियस आणि फायनिंगर यांनी एक धाडसी बेत आखला. ‘नवी युरोपीय ग्राफिक कला’ या नावाने मुद्राचित्रांचे पाच संच काढायचे. युरोपभरच्या आधुनिक चित्रकारांनी एकेक चित्र बाउहाउसला विनामोबदला द्यायचे, ते शाळेत छापायचे आणि विक्रीतून शाळेला पैसा उभा करायचा. प्रत्येक संचाच्या सुमारे 110 प्रती. त्यांतल्या मोजक्या जपानी कागदावर. संचांच्या बांधणीचे काम ओटो डोर्फनरच्या पुस्तकबांधणीच्या कार्यशाळेत झाले. पहिला संच घरचाच होता : वायमारच्या सात शिक्षकांची प्रत्येकी दोन, अशी चौदा चित्रे. फायनिंगर, इटेन, क्ले, मार्क्स, मुखे, श्लेमर आणि श्रायर.

तिसरा संच जर्मन चित्रकारांचा होता. त्यात फ्रान्झ मार्कचे एक काम आहे. मार्क 1916 मध्ये व्हर्दंच्या रणांगणावर फ्रेंच तोफगोळ्याने मारला गेला होता. चौथा संच इटालियन आणि रशियन चित्रकारांचा. त्यात उम्बेर्तो बोच्चोनी आहे. तोही 1916 मध्येच, इटलीच्या सैन्यात प्रशिक्षण घेताना घोड्यावरून पडून गेला. इटली तेव्हा जर्मनीच्या विरोधी गोटात होता. रशियाही. त्याच संचात शागाल, गोंचारोवा, लारिओनोव्ह, सेव्हेरिनी आणि दे किरिको आहेत. पाच वर्षांपूर्वी ज्या देशांची तरुण मुले एकमेकांना मारत होती त्यांची चित्रे एका पराभूत देशातल्या गावात, एकाच माणसाच्या हाताखाली छापली जात होती. पाचव्या संचात पुन्हा जर्मन मंडळी : बेकमन, ग्रोस, किर्शनर, हेकेल, कोकोश्का.

दुसरा संच फ्रेंचांचा ठरला होता. तो कधीच पूर्ण झाला नाही. काही चित्रकारांनी चित्रे दिली, बाकीच्यांकडून ती आली नाहीत. जानेवारी 1923 मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन फौजांनी रूर प्रांताचा ताबा घेतल्यावर तर जर्मन शाळेने पॅरिसकडे चित्रे मागावीत असे वातावरणच उरले नाही. संचांच्या क्रमांकांत ती एक पोकळी तशीच राहिली आहे, आणि मला ती छापलेल्या पानांइतकीच बोलकी वाटते.

याच काळात कांडिन्स्की आला. रशियातून परतून 1922 च्या जूनमध्ये तो वायमारला रुजू झाला आणि त्याच वर्षी त्याने ‘लहान जगे’ हा बारा चित्रांचा संच इथे छापून घेतला. चार वुडकट, चार लिथोग्राफ, चार तांब्याच्या पत्र्यावर थेट सुईने ओरखडलेली चित्रे. एकच कलावंत तीन माध्यमांत तीन वेगळ्या रीतींनी कसा विचार करतो याचा असा नमुना मला दुसरा माहीत नाही. लाकडात तो आकार कापतो, दगडावर रंग पसरू देतो, तांब्यावर त्याची रेघ केसासारखी बारीक आणि चिडचिडी होते. असे असूनही मला फायनिंगरचेच वुडकट अधिक जवळचे वाटतात. कांडिन्स्कीने माध्यमांवर प्रभुत्व मिळवले. फायनिंगरने एका माध्यमाशी संसार केला.

‘लहान जगे’ छापली जात होती त्याच वर्षी बाउहाउसमध्ये कलकत्त्याहून एक पत्र आले. लिहिणारी होती स्टेला क्रामरिश, सव्वीस वर्षांची, व्हिएन्नात कलेच्या इतिहासाचे शिक्षण घेतलेली विदुषी. इंग्लंडमध्ये तिचे भारतीय कलेवरचे काम रवींद्रनाथ ठाकुरांच्या नजरेत आले होते आणि त्यांच्याच निमंत्रणावरून ती शांतिनिकेतनात शिकवायला आली होती. तिने पत्र लिहिले योहानेस इटेनला. इटेन वायमारला येण्याआधी व्हिएन्नातच स्वतःची कलाशाळा चालवत असे. भारतीय विचाराची त्याला ओढ होती; वर्ग सुरू होण्याआधी तो विद्यार्थ्यांकडून श्वसनाचे व्यायाम करून घेई. क्रामरिशची मागणी सरळ होती : तुमच्या मंडळींची चित्रे कलकत्त्याला पाठवा, इथे प्रदर्शन करू.

ज्या शाळेला स्वतःच्या देशात नीट प्रदर्शन भरवायची ऐपत अजून आली नव्हती, तिने हजारो किलोमीटर दूरच्या अनोळखी शहरात आपली कामे धाडायचे ठरवले. हे शक्य झाले कारण ती बहुतेक कागदावरची कामे होती : जलरंग, रेखाटने, वुडकट, एचिंग. मोठे कॅनव्हास पाठवायचे म्हटले असते तर वाहतुकीचा आणि विम्याचा खर्चच त्या बेताला पुरून उरला असता. कागदांचे गठ्ठे पेट्यांत बसले आणि समुद्रमार्गे बंगालला आले.

डिसेंबर 1922 मध्ये ‘इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट’ या संस्थेच्या चौदाव्या वार्षिक प्रदर्शनात, कलकत्त्यातल्या समवाय मॅन्शन्समध्ये, ते कागद भिंतीवर लागले. फायनिंगर, इटेन, क्ले, कांडिन्स्की, मार्क्स, मुखे आणि श्रायर. त्यांच्यासोबत सोफी कॉर्नर आणि मार्गिट तेरी-आडलर या दोन तरुण स्त्रियाही होत्या, ज्या बाउहाउसमध्ये शिकत होत्या. प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी क्रामरिशने परिचय लिहिला. बाउहाउसचे स्वतःचे पहिले मोठे प्रदर्शन वायमारमध्ये भरले ते पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात. म्हणजे क्ले आणि कांडिन्स्की यांना बाउहाउसचे शिक्षक म्हणून एकत्र पाहण्याची संधी जर्मनीतल्या बहुसंख्य लोकांआधी कलकत्त्याच्या रसिकांना मिळाली.

आणि ते एकटे टांगलेले नव्हते. त्याच प्रदर्शनात अवनींद्रनाथ, नंदलाल बोस, सुनयनी देवी आणि गगनेंद्रनाथ ठाकुर यांचीही कामे होती. यातल्या गगनेंद्रनाथांकडे नीट पाहायला हवे. त्यांनी जोडासांकोच्या घरी लिथोचा छापखाना बसवला होता. 1917 मध्ये त्यातून ‘अद्भुत लोक’ आणि ‘विरूप वज्र’ हे व्यंगचित्रांचे संग्रह निघाले, 1921 मध्ये ‘नव हुल्लोड’. बाबू लोकांचा दांभिकपणा, सोवळेओवळे, इंग्रजी राज्यात मिळालेल्या अर्धवट सुधारणा, सगळ्यांना त्यांनी दगडावर झोडपले. एका बाजूला वायमारचा व्यंगचित्रकार मुद्राचित्रांकडे वळलेला, दुसऱ्या बाजूला कलकत्त्याचा चित्रकार घरातल्या दगडावर व्यंगचित्रे छापणारा. दोघांची चित्रे एका छताखाली आली. त्या सुमारास गगनेंद्रनाथ काचेच्या लोलकातून पाहिल्यासारख्या तुटलेल्या, दुमडलेल्या इमारती रंगवत होते. त्यांच्या या घनवादी चित्रांवर क्रामरिशने ‘रूपम्’ नियतकालिकात 1922 च्या जुलैमध्ये लेख लिहिला होता, म्हणजे जर्मन चित्रे येण्याच्या पाच महिने आधी.

हा क्रम महत्त्वाचा आहे. कलकत्त्याला आधुनिक कला वायमारहून पेटीत बांधून आली आणि मग बंगाली चित्रकार जागे झाले, अशी गोष्ट सांगण्याचा मोह अनेकांना होतो. तसे घडलेले नाही. गगनेंद्रनाथ आपल्या वाटेने आधीच बरेच पुढे गेले होते. शांतिनिकेतनातले कलाभवन 1919 मध्ये, म्हणजे बाउहाउसच्याच वर्षी सुरू झाले होते. आणि तिथेही चित्रकलेला हस्तकलेपासून तोडायचे नाही हाच आग्रह होता. क्रामरिशला जे दिसले ते एवढेच की दोन ठिकाणी काही माणसे एकमेकांना न भेटता सारख्या प्रश्नांशी झुंजत आहेत, आणि त्यांची कामे शेजारी लावली तर दोन्ही अधिक उजळ दिसतील. समान पातळीवर, शेजारी. 1922 च्या वसाहती शहरात, युरोपातल्या कामाकडे मान वर करून पाहायची सवय लागलेली असताना, ही मांडणी मोठ्या आत्मविश्वासाची होती.

त्या प्रदर्शनाने लगेच काही क्रांती केली नाही. बंगालमध्ये मुद्राचित्रांची परंपरा वाढली ती अनेक हातांनी. मुकुल डे यांनी एचिंग अमेरिकेत शिकून घेतले होते. आंद्रे कार्पेलेस या फ्रेंच चित्रकर्तीने त्याच सुमारास कलाभवनात वुडकट शिकवले. 1930 मध्ये नंदलाल बोस यांनी लिनोकटमध्ये काठी टेकत निघालेले दांडीयात्रेतले गांधीजी कोरले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांतले ते चित्र आज कोणत्याही भारतीयाला ओळखता येते. त्याचे श्रेय बाउहाउसला देणे चूक ठरेल. पण कोरून काढलेल्या पांढऱ्यातून आकृती उभी करण्याची हिंमत तीच आहे.

कलकत्त्याचे प्रदर्शन पुढे युरोपीय कला-इतिहासातून जवळजवळ गळून गेले. ते पुन्हा चर्चेत आणले पार्थ मित्तर यांच्यासारख्या अभ्यासकांनी. 2007 मध्ये आलेल्या मित्तर यांच्या ग्रंथात भारतीय आधुनिक कलेच्या कथेत त्याला मध्यवर्ती जागा मिळाली. शाळा पुढे ज्या दस्साऊ शहरात गेली तिथल्या बाउहाउसच्या इमारतीत 2013 मध्ये त्या भेटीवर एक मोठे प्रदर्शन भरले आणि बंगाली व जर्मन कामे पुन्हा एकत्र मांडली गेली. मधे नव्वद वर्षे गेली होती.

इकडे वायमारमध्ये पैशाचे हाल वाढत होते. सरकारने शाळेकडे हिशेब मागितला : इतकी वर्षे काय केलेत ते दाखवा. म्हणून 15 ऑगस्ट 1923 रोजी मोठे प्रदर्शन उघडले. त्याच्या जाहिरातीसाठी शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून वीस पोस्टकार्डे दगडावर छापली. फायनिंगर, क्ले आणि कांडिन्स्कीची कार्डे हर्बर्ट बायर, कुर्ट श्मिट आणि ड्योर्टे हेल्म या विद्यार्थ्यांच्या कार्डांबरोबर टपालात पडली. त्याच महिन्यात थुरिंगिया राज्याच्या बँकेने तेवीस वर्षांच्या बायरकडून नोटांचे आराखडे करून घेतले. दहा लाख, वीस लाख मार्कांच्या नोटा. बाजारात येईपर्यंत त्यांची किंमत संपू लागलेली असे. नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडू लागले. मुद्राचित्रांच्या संचांवर शाळेचा खर्च भागवण्याचे स्वप्न त्या आकड्यात बुडाले. छपाई सुंदर होती, प्रती मोजक्या होत्या, घेणारा मध्यमवर्ग एका वर्षात कंगाल झाला होता.

शाळेचे मनही बदलले होते. प्रदर्शनाचे घोषवाक्य कला आणि तंत्रज्ञान यांच्या एकीचे होते. इटेन त्याच वर्षी शाळा सोडून गेला, त्याच्या जागी मोहोली-नाज हा शिक्षक आला. यंत्र, छायाचित्र, ठळक साधी अक्षरे यांचा काळ सुरू झाला. फायनिंगरला ते घोषवाक्य पटले नाही आणि त्याने ते लपवले नाही. 1924 मध्ये थुरिंगियात उजव्या पक्षांची सत्ता आली, अनुदान तोडले गेले, आणि 1925 मध्ये शाळा दस्साऊला गेली. तिथे छपाईची कार्यशाळा होती, पण ती बायरच्या हाताखाली जाहिराती, पत्रके आणि पुस्तके छापणारी. दगड, तांबे आणि लाकूड मागे राहिले. फायनिंगर दस्साऊला गेला तो शिकवण्याच्या जबाबदारीविना. मला हा बदल चुकीचा वाटत नाही. शाळेला जगायचे होते, आणि बायरच्या मुद्रणाने साऱ्या जगाच्या छापील पानाचे रूप पालटले. पण एक गोष्ट तिथे संपली, आणि ती संपल्याची नोंद क्वचितच कोणी घेतो.

वायमारमध्ये उरलेल्या कामांवर पहिला घाला 1930 मध्ये पडला. नाझी पक्षाचा विल्हेल्म फ्रिक थुरिंगियाचा गृहमंत्री झाला होता. त्याच्या कारकिर्दीत राजवाड्यातल्या संग्रहालयातून क्ले, फायनिंगर, कांडिन्स्की आणि श्लेमर यांची कामे उतरवली गेली. कार्यशाळेच्या इमारतीतल्या श्लेमरच्या भित्तिचित्रांवर रंग फासला गेला. हिटलर सत्तेवर यायला अजून दोन वर्षांहून अधिक काळ होता. दस्साऊहून पुढे बर्लिनला गेलेली उरलीसुरली शाळाही 1933 मध्ये बंद झाली.

पहिल्या संचातल्या क्लेच्या दोन लिथोग्राफांपैकी एकाचे नाव ‘अंतःप्रकाशाची संत’. सैल, थबकत जाणाऱ्या रेघेने काढलेली ती आकृती आहे. चेहरा मोठा, नजर बाहेर कुठेच नसलेली. 1921 मध्ये त्साउबित्सरच्या यंत्रावर तिच्या शंभरावर प्रती निघाल्या आणि त्यांतली एक जर्मन संग्रहालयात पोहोचली. 1937 च्या जुलैत म्युनिकमध्ये नाझींनी ‘अध:पतित कला’ हे प्रदर्शन भरवले. त्यात क्लेची सतरा कामे होती, आणि या प्रदर्शनाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत या संतेचे चित्र मनोरुग्णालयातल्या एका रुग्णाने केलेल्या कामाशेजारी छापले गेले. दोन्हींत फरक काय, असे विचारून क्लेची आणि त्या रुग्णाची, दोघांचीही एकाच फटक्यात विटंबना केली गेली. म्युनिकमध्ये वीस लाखांहून अधिक लोकांनी ते प्रदर्शन पाहिले. जर्मन संग्रहालयांतून जप्त केलेल्या कामांच्या सरकारी यादीत सोळा हजारांहून अधिक नोंदी आहेत आणि त्यांतली बहुसंख्य कामे कागदावरचीच होती.

पण कागदावर छापलेले चित्र जप्त केले तरी संपत नाही. एका संग्रहालयातली प्रत गेली तर दुसरी कुणाच्या घरात होती, तिसरी स्वित्झर्लंडमध्ये, चौथी सामानात लपवून अटलांटिकपार गेलेली. तैलचित्र एकच असते. ते जाळले की गेले. या संतेच्या प्रती आज वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांत आहेत. जी बाब शाळेने केवळ खर्च भागवण्यासाठी निवडली, प्रतींची संख्या, तिनेच पुढे या कामांचा जीव वाचवला. संग्रहालयात या कागदांसमोर उभे राहाल तेव्हा चित्राखालचा कोपरा जरूर पाहा. शाईविना, नुसत्या दाबाने उठवलेला शाळेचा शिक्का तिथे असतो. दिव्याच्या तिरक्या प्रकाशातच तो दिसतो.

बाउहाउस भारतात पुढे आणखी एका वाटेने आले, आणि ती वाट महाराष्ट्रातून जाते. दस्साऊचा विद्यार्थी माक्स बिल हा 1953 मध्ये सुरू झालेल्या उल्मच्या डिझाइन शाळेच्या संस्थापकांत होता आणि तिचा पहिला प्रमुख. मुंबईच्या जे. जे. मधून शिकलेले सुधाकर नाडकर्णी उल्मला जाऊन आले आणि पवईच्या आयआयटीत 1969 मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक डिझाइन केंद्राच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा राहिला. याच केंद्रात पुढे र. कृ. जोशी यांनी देवनागरी अक्षरांचा विचार शिकवला. ही वाट अभ्यासक्रमांची आणि कारखान्यांची. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

छापखान्याची वाट मात्र एका माणसाबरोबर भलतीकडेच गेली. लुडविग हिर्शफेल्ड-माक हा बाउहाउसच्या छपाई कार्यशाळेत तयार झालेला कारागीर. 1922 मध्ये त्याने तिथूनच कसबाची परीक्षा दिली, आणि मोठ्या संचांच्या छपाईच्या काळात तो तिथेच काम करत होता. रंगीत प्रकाशाचे खेळही त्याने तिथे रचले. हिटलरच्या काळात तो इंग्लंडला गेला, पण 1940 मध्ये इंग्रजांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडले आणि ‘ड्युनेरा’ या जहाजात कोंबून ऑस्ट्रेलियाला पाठवले. नाझींपासून पळालेली माणसेच बहुसंख्येने त्या जहाजावर होती. न्यू साउथ वेल्समधल्या छावणीत त्याने हाताशी असलेल्या लाकडावर चित्रे कोरली. 1941 च्या एका लहानशा वुडकटमध्ये काटेरी तारेच्या कुंपणापाशी एक माणूस पाठमोरा उभा आहे, वर दक्षिणेच्या आकाशातला त्रिशंकू तारकासमूह आहे. फायनिंगरकडून शिकलेली रीत त्यात पूर्ण आहे : काळे तसेच राखायचे, पांढरे कोरून काढायचे. त्याला छावणीतून सोडवले जिलाँग इथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकाने, ज्याला आपल्या मुलांसाठी चित्रकलेचा शिक्षक हवा होता. हिर्शफेल्ड-माक तिथे 1942 मध्ये रुजू झाला आणि पंधरा वर्षे शिकवत राहिला. मुलांना तो रंगीत चकत्यांचे भोवरे आणि साधी वाद्ये आपल्या हातांनी करायला लावी, आणि जे साहित्य मिळेल त्यातून काम सुरू करायला सांगे, जसे 1919 मध्ये वायमारला सुरू झाले होते.